पत्रकातली नववी ओळ

२८ ऑगस्ट, सोमवार

चिकटलं एकदाचं! पंपाशेजारच्या पत्र्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चारी बाजूंनी टेप मारून. बारा ओळी. पंप सुरू करण्याआधी काय तपासायचं, चालू असताना काय करायचं नाही, काही अडलं तर काय करायचं — सगळं मराठीत. कंपनीचं इंग्रजी पुस्तक चाळीस पानांचं, कुणी उघडलंसुद्धा नव्हतं. मी तीन संध्याकाळी बसून त्याचं एक पान केलं. अक्षरही माझंच. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच उठवायचे, ते काही उगीच नाही.

आईनं आज परत विचारलं, "तू तिथं करतीस तरी काय गं?" परत सांगितलं. तलावाची भिंत गळते. यंदा तलाव कोरडा आहे म्हणून काम आत्ताच उरकायचंय. भिंतीत खोल भोकं पाडायची आणि सिमेंटचं पातळ कालवण पंपानं दाबून आत भरायचं, म्हणजे गळती थांबते. त्या कालवणाला ग्राउट म्हणतात. आणि हे करताना कुणाला लागू नये हे बघायला मी. आई म्हणाली, "म्हंजी नुसती बघतीस." बरं, नुसती बघते. डिप्लोमा मेकॅनिकल, फर्स्ट क्लास, आणि नुसती बघते!

विजयसिंह सर, आमचे साइट इन्चार्ज, पत्रकावरून नजर फिरवून म्हणाले, "झकास, मॅडम." आणि खाली सही ठोकली. वाचलं का, कुणास ठाऊक.

खरं वाचलं ते अजिनाथभाऊंनी. पंप तेच चालवतात. चाळिशीचे असतील, सातवीपर्यंत शिकलेले. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, पोथी वाचल्यासारखं. मग मला विचारतात, "ताई, हे रोज वाचायचं का एकदाच?"

रोज, म्हटलं. "बरं," म्हणाले.

३१ ऑगस्ट, गुरुवार

अजिनाथभाऊ खरोखर रोज वाचतात. पंपाला हात लावायच्या आधी, बाराच्या बारा ओळी. बाकीचे मागं उभे राहून "हरी विठ्ठल, हरी विठ्ठल" करतात. मी ओरडायला हवं होतं. मलाच हसू आलं.

४ सप्टेंबर, सोमवार

आज पंप सुरू होताना शेवटपर्यंत उभी राहून बघितलं. पत्रकात मी लिहिलंय — पाइप तपासावा. अजिनाथभाऊ काय करतात, तर पाइपच्या बाजूनं वाकून चालत जातात आणि तळहात पाइपवरून फिरवत नेतात, शंभर फूट. माझे वडील, बापू, मेंढरांच्या पाठीवरून असाच हात फिरवतात, कुठं गाठ आहे का, जखम आहे का बघायला. मग प्रत्येक जोड हलवून बघायचा. जोडावरची साखळी ओढून बघायची — जोड निसटलाच तर पाइप सापासारखा उसळू नये म्हणून ती असते. मग तेल. मग हॉपरवरची, म्हणजे कालवण ढवळायच्या टाकीवरची जाळी, पात्यांत कुणाचा हात जाऊ नये म्हणून. मग दाबाचा काटा शून्यावर आहे ना. मग आधी नुसतं पाणी फिरवायचं. पाणी पलीकडच्या टोकाला स्वच्छ आलं की मगच सिमेंट.

सगळं माझ्या पत्रकाप्रमाणेच झालं. पण ते पत्रकात आहे म्हणून करतात, की करतातच आणि मी उगीच पत्रकात लिहिलंय? मला कळेना. विचारलं तर म्हणाले, "कागदात हाय म्हंजी बरोबरच आसल की."

भागवतशी मात्र भांडण झालं. हा अजिनाथभाऊंचा साडू, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. पाइपच्या दुसऱ्या टोकाला, खाली उतारावर त्याचं काम. चष्मा दिलाय तर कपाळावर चढवून ठेवतो. म्हणतो, "त्येच्यातून समदं धुरकट दिसतंय, ताई." धुरकट दिसलेलं परवडलं, काहीच न दिसण्यापेक्षा, असं मी म्हटलं. त्यानं चष्मा खाली घेतला. मी वळले की परत वर घेतला असणार.

८ सप्टेंबर, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत अजिनाथभाऊ बोलले. एरवी बोलत नाहीत. बारा वर्षं ऊसतोडीला गेले, नवरा-बायको दोघं, दर दसऱ्यानंतर. कोयता, बैलगाडी, फडातली पालं. तीन वर्षांपूर्वी एका कामावर पंप धुवायला माणूस हवा होता, तिथं चिकटले आणि बघून बघून शिकले. तेव्हापासून घरातला कोयता खुंटीलाच आहे. त्यांची बायको बबिता आता कुणालाही सांगते, आमचे हे मशीनवर असतात. हे सांगताना लाजले. मग डबा पुढं केला — मिरचीचा ठेचा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, ठेच्यानंच.

१४ सप्टेंबर, गुरुवार

पोळा. बैलांना सुट्टी, पंपालाही सुट्टी. आईनं विचारलं, तुझ्या पंपाला पण झूल घालायची का.

२० सप्टेंबर, बुधवार

भागवतच्या डोळ्यांत सिमेंट गेलं.

नीट लिहिते. क्रमानं. काल गणपतीची सुट्टी होती. परवा जायच्या घाईत पाइप नीट धुतला नसणार, आत थोडं राहिलं असणार. आज साडेदहाला लाइन चोक झाली. पत्रक लावल्यापासून पहिल्यांदाच. पंप वर, भिंतीच्या माथ्यावर. भागवत खाली, शंभर फुटांवर, तिथून त्याला दाबाचा काटा दिसत नाही. चोक काढायला त्यानं खालचा जोड उघडला आणि आतलं सगळं तोंडावर आलं. म्हणजे आत दाब होता. तो असायला नको होता! नववी ओळ त्याच्यासाठीच आहे.

मी तेव्हा तंबूत होते. हजेरी लिहीत. आवाज आला, कापड फाटल्यासारखा. मग भागवतचं ओरडणं.

पळत गेले तर तोंडभर राखाडी, आणि चष्मा कपाळावर. कॅनमधलं पाणी त्याच्या डोळ्यांवर ओतत राहिले. वीस मिनिटं ओतायचं असतं, मी मोजली नाहीत. कुणीतरी मागून म्हणत होतं दूध घाला, दुसरा म्हणत होता तूप. फक्त पाणी, फक्त पाणी, असं मी म्हणत होते, बहुतेक ओरडून. गाडीतही ओततच नेलं. आष्टीच्या डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच नगरला पाठवलं.

अजिनाथभाऊ गाडीत चढायला बघत होते. भागवत डोळे मिटलेले, हात हलवत म्हणाला, "त्येला नका घेऊ." असं का म्हणाला?

माझे हात चुरचुरतायत. तीनदा धुतले.

२१ सप्टेंबर, गुरुवार

नगरला जाऊन आले. उजवा डोळा वाचलाय. डाव्यावर पट्टी आहे, डॉक्टर आत्ताच काही सांगत नाहीत.

भागवत म्हणाला ते जसंच्या तसं लिहून ठेवते. "मी खालून इचारलं, सोडलं का? त्येनं वरून सांगितलं, सोडलं. तवा मी पाना लावला. तुमीच सांगितलं व्हतं ना ताई, आधी प्रेशर सोडायचं, मंग उघडायचं?"

हो. मीच सांगितलं होतं. नववी ओळ: "जोड उघडण्यापूर्वी प्रेशर सोडावे." भागवतला वाचता येत नाही, पण मी पहिल्या दिवशी वाचून दाखवलं ते त्यानं लक्षात ठेवलं होतं. तो बरोबर वागला. चष्म्याचं सोडलं तर.

मग अजिनाथभाऊंनी दाब न काढताच "सोडलं" म्हणून सांगितलं? का? कावून? विसरले? आळस? रोज पोथी वाचणारा माणूस?

मनिषा, भागवतची बायको, उशाशी बसून होती. निघताना म्हणाली, "ताई, माझ्या बहिणीला सांगा, हितं येऊ नको म्हणावं." मी मान डोलावली. का डोलावली? मी कोण त्यांच्या मधे!

२२ सप्टेंबर, शुक्रवार

अजिनाथभाऊंचा जबाब घेतला. समोर बसवून. मला घाम फुटला होता, त्यांना नाही.

प्रेशर सोडलं होतं का? "सोडलं व्हतं." पूर्ण? "पूर्ण." काटा बघितलात? "बघितला की. सोडलं तवा चांगला हालला." मग असं झालं कसं? "त्येच मला बी समजंना झालंय, ताई. मी कागदावरलं समदं केलतं."

डोळ्याला डोळा भिडवून बोलत होते. भागवतही डोळा… काय लिहितेय मी हे.

दोघं एकच सांगतात. एकानं विचारलं सोडलं का, दुसरा म्हणाला सोडलं. दोघांच्या सांगण्यात तसूभर फरक नाही. तरी सिमेंट उडालं. दोघं खरं बोलत असतील तर पंप खोटं बोलतोय. उद्या पंपाचा जबाब घेते.

२३ सप्टेंबर, शनिवार

पंप खोटं बोलत नाही.

दिवसभर नुसतं पाणी घालून तपासला. काटा दुसऱ्या काट्याशी ताडून बघितला — बरोबर. परतीचा वॉल्व्ह, जो उघडला की पाइपमधलं कालवण हॉपरमध्ये माघारी येतं आणि दाब जातो, तो दहा वेळा उघडला. दहाही वेळा चार सेकंदांत काटा शून्यावर. पाइपला फुगवटा नाही. जोडाची साखळी शाबूत, तिच्यामुळंच भागवतचं डोकं वाचलं.

म्हणजे वॉल्व्ह उघडलाच नव्हता. दुसरं काही निघतच नाही. विजयसिंह सर म्हणाले, "मॅडम, साधं गणित आहे. माणूस पोटासाठी खोटं बोलतो. ऑपरेटरचा निष्काळजीपणा लिहा आणि मोकळ्या व्हा."

साधं गणित असेल. मला का सुटत नाही मग? मला त्यांचा राग येतोय की माझा?

२५ सप्टेंबर, सोमवार

लिहिलं. "ऑपरेटरने दाब न काढता दाब काढल्याचे चुकीचे सांगितले. यंत्रात दोष आढळला नाही." दोन वाक्यं. खाली सही.

"खोटे सांगितले" असं आधी लिहिलं होतं. ते खोडून "चुकीचे" केलं. यानं कुणाचं काय भलं होणार होतं, माझं मलाच माहीत.

२६ सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळी अजिनाथभाऊ नेहमीसारखे पत्रकासमोर उभे राहून वाचत होते. तिसऱ्या ओळीवर असताना सरांनी बोलावून घेतलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ते हो म्हणाले. भांडले नाहीत. परत पंपापाशी आले, उरलेल्या नऊ ओळी वाचल्या आणि घरी गेले.

मी तंबूतून बघत होते. बाहेर आले नाही.

२७ सप्टेंबर, बुधवार

कुठून सुरू करू.

अजिनाथभाऊ दुपारी आले, राहिलेलं सामान न्यायला. डबा, टॉवेल आणि स्वतःचा पाना. मला बघून "येतो ताई" म्हणाले, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, थांबा. मला एकदा करून दाखवा. त्या दिवशी नेमकं कसं सोडलं.

"आता काय करायचंय त्येचं," म्हणाले. पण टॉवेल खाली ठेवला.

जेवणाची सुट्टी होती, पंपावर कुणी नव्हतं. हॉपरमध्ये नुसतं पाणी घातलं. पाइपचं टोक झाकण लावून बंद केलं, म्हणजे चोक झाल्यासारखं होईल. तिथं कुणाला जाऊ दिलं नाही. त्यांनी पंप लावला, सगळं रीतसर, एक पायरी चुकवली नाही. काटा चढून थांबला. मी म्हटलं, आता भागवत खालून विचारतोय, सोडलं का.

मला वाटलं त्यांचा हात डावीकडं जाईल, वॉल्व्हकडं. हात उजवीकडं गेला. पंपाचा जोर वाढवायचा दांडा धरून त्यांनी पुढं दाबला. काटा झपकन वर गेला.

"सोडलं," म्हणाले.

काटा हालला. चांगला हालला!

पंप बंद करायला लावला, दाब काढला. मग विचारलं, हे काय केलंत? "प्रेशर सोडलं." हे सोडणं? "मंग? वावरात पाणी सोडत्यात, मोटर लावून, तसंच की. दाब सोडला की आडकलेलं पुढं सरकतं, मंग काटा आपसूक खाली येतो, मंग जोड उघडायचा. भागवतनं काटा उतरायच्या आधीच पाना लावला आसल, ताई. त्येला वरलं दिसत न्हाई."

मग मी विचारलं — न विचारते तर बरं झालं असतं — की पाइप चोक झाला तर तुम्ही याआधी काय करायचात? या पत्रकाच्या आधी?

त्यांनी लगेच वॉल्व्हवर हात ठेवला. "आधी हितून उतरवायचो. प्रेशर उतरव म्हणत्यात आमच्यात. उतरवल्याबिगर जोडाला हात बी न्हाई लावायचा, ही तर पहिली गोष्ट हाय." मग उतरवलं का नाही? "कागदात सोडावे म्हणलंय. मला बी वाटलंतं, आपुन उतरवतो अन हितं सोडा कसं काय? पण म्हणलं, ताई शिकल्याल्या हायत. नवी रीत आसल."

तीन वर्षं हा माणूस दाब उतरवून जोड उघडत होता. सुखरूप. माझ्या कागदानं त्याला ते बंद करायला लावलं. भागवतनं पहिल्या दिवशी माझ्या हातवाऱ्यांवरून अर्थ घेतला, दाब सोडून द्यायचा, घालवायचा. अजिनाथभाऊंनी शब्दावरून घेतला. खालच्याला वाटलं दाब गेला, वरच्यानं दाब दिला होता. कुणीच खोटं बोललं नाही.

आणि मी काय पुण्याची आहे का? आमच्या विहिरीवरची मोटर लावून "पाणी सोडलं गं" म्हणून मीच आईला हाका मारते. रोज मारते.

माझं तोंड बघून अजिनाथभाऊंनी विचारलं, "काय झालं ताई? चुकलं का काय माझं?"

नाही, म्हटलं. बरोबर आहे.

बरोबर असेल तर मग मला कावून काढलं, असं विचारतील असं वाटलं. नाही विचारलं. डबा उचलला, टॉवेल उचलला. पाना विसरले, तो मी धावत जाऊन दिला. एवढंच दिलं.

ते गेल्यावर पत्रकावरचं "सोडावे" खोडलं आणि वर लिहिलं, "उतरवावे. काटा शून्यावर आल्याशिवाय जोडाला हात लावू नये." कुणीतरी विचारलं, "कावून खोडलं, ताई?" म्हटलं, अक्षर नीट आलं नव्हतं.

२८ सप्टेंबर, गुरुवार

कुणालाच माहीत नाही. अजिनाथभाऊंनासुद्धा! त्यांनीच मला सांगितलं आणि त्यांना पत्ता नाही.

मी गप्प बसले तर सगळं आहे तसंच राहील. बोलले तरी डोळा परत येणार नाही. मग बोलून काय होणार? अजिनाथभाऊंचं नाव साफ होईल. एवढ्यासाठी माझी पहिली नोकरी? एवढ्यासाठी म्हणजे केवढ्यासाठी? लिहिता लिहिता गोल गोल फिरतेय.

आईला विचारलं, आपल्या बोलण्यानं कुणाचं नुकसान झालं आणि कुणाला कळलंच नाही तर? आई तांदूळ निवडणं थांबवून म्हणाली, "कुणाचं लग्न मोडलंस का काय?" हसले. मग रडले. आईला वाटलं साइटवर कुणी काही बोललं. बापूंना सांगू नको म्हटलं.

३० सप्टेंबर, शनिवार

परत नगर. डाव्या डोळ्याला उजेड आणि सावली कळते, बाकी नाही. पुढं ऑपरेशन करून बघू म्हणतात. भागवत भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "परका आसता तर समजून घेतलं आसतं. सख्खा साडू."

बबिता आलेली होती. वॉर्डाच्या दारात, हातात भाकरीचं गाठोडं. मनिषानं बहिणीकडं बघितलंसुद्धा नाही. बबितानं गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं, मला नमस्कार केला आणि गेली. मला, नमस्कार! मला तिथंच सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं, "डॉक्टर राउंडला कधी येतात?"

मी इतकी भित्री आहे हे मला माहीत नव्हतं.

१ ऑक्टोबर, रविवार

सरांना पत्र लिहिलं, सगळं खरं. पर्समध्ये आहे. बापू बाजारातून ऐकून आले — अजिनाथनं ऊसतोडीच्या मुकादमाला यंदा येतो म्हणून सांगितलंय, कोयत्याला धार लावून नेली.

३ ऑक्टोबर, मंगळवार

दिलं! सकाळी गेल्या गेल्या, पाणीसुद्धा न पिता.

सरांनी एकदा वाचलं, मग परत वाचलं. उठून तंबूचा पडदा खाली सोडला. मला वाटलं आता ओरडणार. हळू आवाजात विचारलं, "हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

अजिनाथभाऊंनी, म्हटलं. पण त्यांना कळलेलं नाही की त्यांनी सांगितलं.

"मग तुम्ही कशाला सांगताय?"

याचं उत्तर मी घरून पाठ करून नेलं होतं, ते आठवेना. म्हटलं, त्यांच्या बायकोनं मला नमस्कार केला. सरांना काय समजलं असेल कुणास ठाऊक.

"एका शब्दावरून, मॅडम?" म्हणाले. मी म्हटलं, सर, तुमच्या शेतावर गड्याला प्रेशर सोड म्हणून सांगा आणि बघा तो काय करतो. ते हसायला गेले आणि मधेच थांबले. मोठ्या बागायतदार घरातला माणूस, त्यांना समजायला वेळ लागला नाही. पत्रकाखाली त्यांचीही सही आहे हे वाक्य त्यांनी पत्रात दोनदा वाचलं होतं, ते मी बघितलं. पण त्यांचा चेहरा उतरला तो त्याच्याही नंतर, एकदम, काहीतरी आठवल्यासारखा. मी विचारलं, काय झालं? "काही नाही. हे ठेवून जा. उद्या बोलू."

दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. काढणार आहेत की नाही? हलकं वाटायला हवं ना? वाटत नाही. त्यांना काय आठवलं असेल?

४ ऑक्टोबर, बुधवार, सकाळी ७.१०

सहाला सरांचा फोन. "मॅडम, काल सांगायची हिंमत झाली नाही. तुमचं पत्रक चांगलं वाटलं म्हणून मी हेड ऑफिसला पाठवलं होतं. त्यांनी झेरॉक्स काढून सगळ्या साइटवर लावलंय. सतरा पंप आहेत."

इथली ओळ खोडली आणि मी आठवडाभर माझ्या नोकरीचा विचार करत बसले.

सगळ्या पंपांच्या ऑपरेटरचे नंबर सरांकडून घेतले. मी पहिला फोन अजिनाथभाऊंना लावला आणि सगळं सांगितलं, माझा शब्द, माझा अहवाल, सगळं, एका दमात. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "राग मागनं यील, ताई. आधी नंबर सांगा. तुमचं बोलणं त्येंना न्हाई कळायचं." सहा नंबर त्यांनी घेतले, सहा सरांनी, पाच माझ्याकडं.

माझ्या पाचांपैकी चार ठिकाणी निरोप पोचला. साडेसातला पंप सुरू होतात. परळीकडच्या साइटचा फोन वाजतोय, वाजत असताना हे लिहितेय. उचलत नाहीत.